ॲलिस स्प्रिंग्जची हजेरी

जानेवारी 2018 मध्ये मी ऑस्ट्रेलियात, ॲलिस स्प्रिंग्जच्या एका शाळेत गणित शिकवायला लागले. मूळची मी कोल्हापूरची. नवऱ्याला इथल्या इस्पितळात नोकरी लागली आणि मी मागोमाग आले. नॉर्दर्न टेरिटरी या इथल्या प्रांताच्या शिक्षक मंडळाकडे नोंदणी, पंधरा वर्षं इंग्रजी माध्यमात शिकवूनही द्यावी लागलेली इंग्रजीची परीक्षा, लहान मुलांबरोबर काम करायचं तर लागणारं ‘ओकर कार्ड’, हे सगळं हातात येईपर्यंत सात महिने घरी बसून काढले होते. त्यामुळे पहिल्या दिवशी वर्गात शिरले ती हात शिवशिवतच. पटावर 24 मुलं, वर्गात 11. दुसऱ्या दिवशीही 11 होती, पण वेगळी.

ॲलिस हे ऑस्ट्रेलियाच्या बरोबर पोटातलं गाव. वर डार्विन आणि खाली ॲडलेड, दोन्ही साधारण दीड हजार किलोमीटर. टॉड नावाची नदी गावातून जाते, पण तिच्यात पाणी नसतं, रेती असते. ती तीनदा वाहताना पाहिली की तुम्ही इथले झालात, असं लोक म्हणतात. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं अरेर्न्टे, वार्लपिरी, लुरिजा अशा आदिवासी समाजांतली होती. घरी दोन-तीन भाषा सहज बोलणारी पोरं माझ्यासमोर तोंडातून शब्द काढत नसत.

हजेरीचा प्रश्न काही माझ्या एकटीच्या वर्गाचा नव्हता. आदिवासी आणि इतर मुलांच्या हजेरीतली दरी पाच वर्षांत बुजवू, असं केंद्र सरकारनं 2014 साली जाहीर केलं होतं. 2019 सालचे आकडे होते 82 टक्के आणि 92 टक्के. आडबाजूच्या वस्त्यांत तर त्याहून पुष्कळ खाली. पिवळे शर्ट घातलेली माणसं घरोघर जाऊन मुलांना उठवायची. काही वस्त्यांत ‘शाळा नाही तर पोहायचा तलाव नाही’ असा नियम होता. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून आईबापांचा सरकारी भत्ता रोखायची योजनाही काही वर्षं चालली. मी आले तेव्हा ती नुकतीच गुंडाळली होती.

मी माझ्यापरीनं फोन करून पाहिले. नंबर बंद. चिठ्ठ्या पाठवल्या. चौथ्या आठवड्यात स्टाफरूममधली एक बाई म्हणाली, “अगं, फुटबॉलच्या खोलीत जाऊन विचार ना.”

ती खोली इमारतीच्या मागच्या टोकाला होती. फाटका सोफा, टेबल टेनिसचं टेबल, चार खाचांचा टोस्टर आणि दोन कपडे धुण्याची यंत्रं. भिंतीवर एक फोटो, जो मी त्यानंतर या देशात शंभर ठिकाणी पाहिला. आदिवासी फुटबॉलपटू निकी विनमार, 17 एप्रिल 1993, मेलबर्नचं व्हिक्टोरिया पार्क मैदान. दिवसभर प्रेक्षकांच्या शिव्या खाल्ल्यावर सामना जिंकून त्यानं अंगातली जर्सी वर केली आणि स्वतःच्या काळ्या पोटाकडे बोट दाखवलं. फोटोखाली एक मुलगा ब्रेडवर लोणी थापत उभा होता. तो माझ्या वर्गातला होता. पटावरचा तेरावा, मी एकदाही न पाहिलेला.

ती खोली म्हणजे आमच्या शाळेतली फुटबॉल अकादमी. अशा अकादम्यांची सुरुवात पर्थची. 2000 साली जेरार्ड नीशम नावाच्या माजी फुटबॉल प्रशिक्षकानं क्लॉन्टार्फच्या आदिवासी माध्यमिक शाळेत 25 मुलांना घेऊन पहिली अकादमी काढली. डोकं साधं होतं. पोरं शाळेसाठी उठत नाहीत, फुटबॉलसाठी उठतात, तर फुटबॉल शाळेतच आणून ठेवा. खेळायचं असेल तर वर्गात बसावं लागेल. आमच्या शाळेतली अकादमी त्याच वळणाची. इथला फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा नव्हे. लांबट चेंडू, अंडाकृती मैदान, एका बाजूला अठरा गडी, आणि दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा ठेवून उंच उडी मारून चेंडू झेलला की अख्खं गाव ओरडणार. देशाच्या वरच्या लीगमध्ये तेव्हा दर दहा खेळाडूंमागे साधारण एक आदिवासी असायचा, लोकसंख्येत ते शंभरात चारही नसताना. माझ्या पोरांचा देव होता युएंडुमूचा लियाम जुर्रा. वाळवंटातल्या दूरच्या वस्तीतून थेट मेलबर्नच्या संघात गेलेला तो पहिला.

अकादमी सांभाळणारा माणूस टेरिटरीच्या लीगमध्ये बरीच वर्षं खेळलेला, स्वतः आदिवासी, पन्नाशीचा, डाव्या गुडघ्यानं लंगडणारा. मुलं त्याला अंकल म्हणत. मी मनातल्या मनात त्याला वस्ताद म्हणायला लागले, त्याला कारण आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाला तालीम होती. माझा थोरला भाऊ शाळेला वाटेल तेव्हा दांडी मारायचा, पण पहाटे साडेचारला मातीत हजर. शेवटी आई तालमीत गेली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून रडली. वस्ताद भावाला एवढंच म्हणाले, “उद्यापास्नं आधी दप्तर दाखवायचं, मग लंगोट.” भाऊ दहावी झाला. फार मार्क नाही पडले, पण झाला.

मी या वस्तादांना विचारलं, मी काय करू? ते म्हणाले, “उद्या सहाला गाडीत बस. बोलू नकोस.”

गाडी म्हणजे पांढरी टोयोटा, मागे समोरासमोर दोन बाकं, खिडकीच्या कडांना लाल धूळ. हिवाळ्यात, म्हणजे जुलैत, पहाटे इथं शून्याखाली जातं. गावाच्या कडेनं टाउन कॅम्प म्हणून आदिवासींच्या वस्त्या आहेत, तिथून फेरी सुरू व्हायची. पहिल्या आठवड्यात मी गाडीतून फक्त बघितलं. वस्ताद हॉर्न वाजवत नाहीत. दाराशी गाडी नेत नाहीत, वीस पावलं अलीकडे थांबवतात आणि इंजिन बंद करून बसतात. आधी कुत्री येतात. मग कुणीतरी आजी बाहेर येते, शेकोटी उकरते, गाडीकडे बघते न बघितल्यासारखं. वस्ताद काचेतून दोन शब्द बोलतात, हवापाण्याचे, कालच्या मॅचचे. मुलाचं नाव काढतच नाहीत. पाच-सात मिनिटांनी मुलगा बाहेर पडतो, अनवाणी, बूट हातात.

तिसऱ्या दिवशी मी न राहवून म्हटलं, सरळ जाऊन दार का वाजवत नाही? वेळ वाचेल. ते गाडी चालवत राहिले. टेलिग्राफ स्टेशनच्या फाट्याशी आलो तेव्हा म्हणाले, “इथं बंगला होता, माहितीये?” बंगला म्हणजे 1932 ते 1942 या काळात इथं असलेली संस्था. मिश्र रक्ताची म्हणून आयांपासून तोडून आणलेली मुलं तिथं ठेवत. असं मुलं उचलणं देशभर कित्येक दशकं चाललं, आणि पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत त्याची माफी मागितली ती 13 फेब्रुवारी 2008 ला. “माझी आजी सरकारी गाडीचा आवाज आला की मुलांना नदीच्या पात्रात लपवायची,” वस्ताद म्हणाले. “आता मीच पांढरी गाडी घेऊन सकाळी सकाळी मुलं न्यायला येतो. मग दार वाजवू?”

मी त्यानंतर बोलले नाही.

शाळेत पोचल्यावर अर्धा-पाऊण तास मैदानात सराव, मग आंघोळ, मग टोस्ट, केळी, मायलो. आणि यंत्रं. मला विचाराल तर हजेरीचं खरं काम फुटबॉलनं अर्धं केलं आणि त्या दोन यंत्रांनी अर्धं. एका घरात बारा-चौदा माणसं, नळ चालेलच असं नाही, गणवेशाचा शर्ट एकच. मळका शर्ट घालून आलं तर ‘शेम’. हा इथल्या पोरांचा फार मोठा शब्द आहे. आपल्या ‘लाज’पेक्षा जड. फळ्यासमोर चुकलं तर शेम, सगळ्यांसमोर शाबासकी मिळाली तरी शेम. मी पहिल्या महिन्यात एकाची वही उंच धरून टाळ्या वाजवायला लावल्या होत्या, तो मुलगा आठवडाभर आला नव्हता. तर मुलं सरावाच्या कपड्यांत टोस्ट खात बसायची, शर्ट यंत्रात फिरत असायचा, आणि पावणेनऊला गरम शर्ट अंगात घालून वर्गात यायची. साबणाच्या वासावरून मला कळायचं आज टोयोटा कुणाकडे जाऊन आली.

मधेच एकदा वरच्या लीगमधला एक मोठा खेळाडू शाळेत आला. आदल्या दिवशी बातमी फुटली आणि त्या दिवशी वर्गात 23 डोकी. त्यानं छान भाषण केलं, शाळा सोडू नका म्हणाला, चेंडूवर सह्या केल्या, फोटो झाले, विमानानं गेला. दुसऱ्या दिवशी 12. मी त्याला दोष देत नाही, मुलं तो चेंडू उशाशी घेऊन झोपायची. पण अशा एका दिवसाच्या पाहुण्यांवर जेवढा खर्च होतो तेवढ्यात टोयोटाचं वर्षाचं डिझेल सुटेल, असं माझं मत तेव्हा झालं ते अजून बदललेलं नाही.

वस्तादांनी माझ्या वर्गाचं आणखी एक काम दोन मिनिटांत केलं. मी मुलांना आडनावाच्या क्रमानं बसवलं होतं. एक मुलगा आणि एक मुलगी कायम पाठमोरी बसायची, मला वाटायचं उद्धटपणा. वस्तादांनी तक्ता बघितला आणि डोक्याला हात लावला. नात्यानं ती दोघं एकमेकांशी बोलूही शकत नव्हती, शेजारी बसणं दूरच. थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर घेणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्या होत्या, तरी मला सुचलं नव्हतं. त्यांनी पेन्सिलीनं नवा तक्ता काढून दिला. कानाचंही त्यांनीच सांगितलं. इथल्या कितीतरी मुलांचे कान लहानपणापासून फुटलेले असतात. एखाद्या समाजात चार टक्के मुलांचा कान असा सतत वाहत असेल तर जागतिक आरोग्य संघटना त्याला मोठं आरोग्यसंकट मानते. इथल्या वस्त्यांत ते त्याच्या कितीतरी पुढे. “तो तुझ्याकडे दुर्लक्ष करत नाही, त्याला ऐकू येत नाही.” त्यानंतर मी गळ्यात माईक अडकवून गणित शिकवलं.

आता माझ्या चुकीकडे येते. जर्सीचा नंबर सात असलेला एक वार्लपिरी मुलगा होता. तो ब्रेडवर लोणी थापणारा. अपूर्णांकात त्याचं डोकं फार सुंदर चालायचं. मे महिन्यात तो दोन आठवडे आला नाही. घरात मोठा माणूस गेला होता. इथं त्याला ‘सॉरी बिझनेस’ म्हणतात, मी मनात सुतक म्हणते, पण आपलं तेरा दिवसांत उरकतं. यांचं दूरदूरच्या वस्त्यांतून नातेवाईक जमेपर्यंत अंत्यविधीच होत नाही, कधी आठवडे जातात. तो परत आला त्या सकाळी मी हजेरी घेतली. त्याचं नाव घेतलं. उत्तर नाही. पुन्हा घेतलं, जरा मोठ्यानं, कान आठवून. वर्ग गोठला. एक मुलगी डोक्यावर हूड ओढून खाली वाकली. मी तिसऱ्यांदा घेतलं. तो उठला आणि निघून गेला.

गेलेल्या माणसाचं नाव तेच होतं. मेलेल्याचं नाव तोंडावर आणायचं नसतं, त्या नावाचं दुसरं कुणी असेल तर त्यालाही त्या नावानं हाक मारायची नसते. अशा माणसाला ‘कुमंजाय’ म्हणतात, जोवर नाव मोकळं होत नाही तोवर. वर्ष लागतं, कधी जास्त. वस्तादांनी हे समजावलं तेव्हा मी वही काढून नावापुढे पेन्सिलीनं कुमंजाय लिहिलं. संगणकात कायदेशीर नावच लागतं, तिथं बदल करता येईना. मी कागदावर हजेरी घ्यायची आणि नंतर संगणकात भरायची, असं सुरू केलं. इथपर्यंत ठीक.

ऑगस्टमध्ये ॲडलेडची सहल होती. बसनं दीड हजार किलोमीटर, ॲडलेड ओव्हलवर खरी मॅच, समुद्र. बहुतेकांनी समुद्र पाहिला नव्हता. अट 80 टक्के हजेरीची. सात नंबर 71 वर अडकला. कारण कळवलेली गैरहजेरी वहीत वेगळ्या अक्षरानं लिहितात, पण टक्केवारी काढताना ती गैरहजेरीच धरतात. वस्ताद फॉर्म घेऊन माझ्याकडे आले. वर्गशिक्षक म्हणून माझी सही लागत होती. म्हणाले, ते दोन आठवडे बाजूला ठेवून बघ. मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. एकाला सोडलं तर उरलेल्यांना काय सांगू? मला त्या क्षणी स्वतःचा अभिमानही वाटला, हे लपवत नाही. कोल्हापुरात पंधरा वर्षं मी अशीच कडक होते. वस्तादांनी वाद घातला नाही, फॉर्म घडी करून खिशात ठेवला.

बस गेली. सात नंबर राहिला, आणि मग तीन आठवडे दिसलाच नाही. टोयोटा रोज वीस पावलांवर थांबायची, आजी बाहेर यायची, मुलगा यायचा नाही. वस्ताद तेवढीच पाच-सात मिनिटं थांबायचे आणि गाडी वळवायचे. तिसऱ्या आठवड्यात मी म्हटलं, मला घेऊन चला त्यांच्याकडे, मी माफी मागते. ते म्हणाले, माफी राहू दे, दोन तास मोकळे ठेव.

शनिवारी गेलो. झाडाखाली घोंगडी, पत्ते खेळणाऱ्या बायका, निखाऱ्यावर काळंकुट्ट किटलं. आजींनी मला हातानं खूण करून बसवलं. कुणी शाळेचा विषय काढला नाही. निखाऱ्यात भाजलेली डॅम्पर म्हणजे जाडजूड रोटी आणि सिरप, चहा इतका गोड की दात आंबले. बऱ्याच वेळानं आजींनी विचारलं, तुला आजी आहे? म्हटलं, होती. आणि मग मी सांगत सुटले. माझ्या आजोबांचं नाव गणपती. आजीनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाही, त्यामुळे तिला देवाचंही नाव घेता यायचं नाही. घरात पाच दिवस मूर्ती बसायची आणि ती म्हणायची, “आमच्याकडं ‘मोरया’ बसल्यात.” गणपतराव नावाच्या दुधवाल्याला ती ‘ह्यांच्या नावाचा’ म्हणायची. वस्तादांनी अवघड तिथं सोपं करून सांगितलं. आजींनी ते वार्लपिरीत पत्तेवाल्या बायकांना सांगितलं आणि सगळ्या हसून आडव्या झाल्या. एकीनं मला पत्ते वाटले. मी वीस डॉलर हरले.

तो घराच्या भिंतीला टेकून उभा होता. बोलला नाही. सोमवारीही आला नाही. गुरुवारी आला, फक्त सरावाला, पहिल्या तासाला गायब. पुढच्या आठवड्यात तिसऱ्या तासाला दाराशी येऊन उभा राहिला. मी माईक नीट करत फळ्याकडे वळले आणि तो बसेपर्यंत वळलेलीच राहिले. एवढं मी शिकले होते.

सप्टेंबरात फुटबॉलचा मोसम संपला आणि हजेरी पुन्हा घसरली. अशा अकादम्यांची ही दुखरी नस आहे आणि ती मान्य केली पाहिजे. दुसरी दुखरी नस मुलींची. टोयोटात वस्ताद बहिणींनाही घ्यायचे, पण शाळेत उतरल्यावर भावांना मैदान, टोस्ट आणि यंत्र, बहिणींना फाटकाजवळची पायरी. आमच्या शाळेत मुलींसाठी तसं काही नव्हतं. तिकडे पैसा वळायला मुलग्यांपेक्षा पुष्कळ उशीर झाला, हे या देशात उघड बोललं जातं. 25 सप्टेंबर 2000 ला सिडनी ऑलिंपिकमध्ये 400 मीटर जिंकणारी आदिवासी धावपटू कॅथी फ्रीमन मुलगीच होती ना? मी एकदा हे मीटिंगमध्ये बोलले तर सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी स्वतःच दोन खांब रोवले आणि खो-खो सुरू केला. मी शाळेत असताना तालुक्यापर्यंत खेळले होते, म्हणजे कॅथी फ्रीमनच्या मानानं काहीच नाही. पहिल्या दिवशी सात मुली आल्या, त्या मला उकिडवी बसताना बघायला. चौथ्या आठवड्यात त्यांनी नियम बदलून टाकले, ‘खो’ म्हणण्याऐवजी वेगळीच आरोळी, तीनऐवजी चार पळणाऱ्या. नऊ आठवडे चाललं. मग उन्हाळा आला, चाळीसच्या वर पारा, आणि ते संपलं. वस्तादांनी मुलींचे कपडे धुवायला यंत्राचे दोन वार मात्र कायमचे ठरवून दिले. ते अजून चालू आहेत.

पुढच्या वर्षी, 2019 च्या ऑगस्टमधली एक सकाळ. वस्तादांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून स्टिअरिंगवर दुसरा तरुण प्रशिक्षक आणि रस्ता दाखवायला मी. वीस पावलं अलीकडे थांबलो. इंजिन बंद. कुत्री आली. आजी आली, शेकोटी उकरली, माझ्याकडे बघून ओठांनीच घराकडे इशारा केला, झोपलाय अजून. मी म्हटलं, काल फार गारठा होता. त्या म्हणाल्या, हो. मग त्या वळल्या आणि घराच्या दिशेनं मोठ्यानं हाक मारली. त्याच्या खऱ्या नावानं.

टोयोटातली बडबड थांबली. तरुण प्रशिक्षकाला काही कळलं नाही, तो मोबाइल बघत होता. आजींनी पुन्हा तीच हाक मारली, या वेळी रागानं, कुठलीही आजी उशिरा उठणाऱ्या नातवाला मारते तशी. तो बाहेर आला, बूट हातात, आणि मागच्या बाकावर जाऊन बसला.

दुसरा तास माझा होता. कागद काढला. त्याच्या ओळीत पेन्सिलीचं कुमंजाय आता पुसट झालं होतं. तिथं आल्यावर मी थांबले आणि काही न बोलता त्याच्याकडे पाहिलं. त्यानं भुवया वर केल्या. इथं त्याचा अर्थ हो असा होतो. मी नाव घेतलं.